पावन्याची हवा

खोली पाहायला गेले त्या दिवशी घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी भिंतीला नाक लावलं, दोन पावलं सरकून परत हुंगलं आणि म्हणाले, "खाट इकडं नका लावू मॅडम. हे भित पानी पिते." मग खिडकी उघडली, लावली आणि पुन्हा चार बोटं उघडी केली. "आन् हे चार बोटं उघडीच ठेवा. पाऊस असो का थंडी."

मी मूळची सांगलीकडची. गोंदियाजवळच्या आमगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आले होते आणि आल्या दिवसापासून परत कधी जाता येईल याचा हिशेब करत होते. मनात म्हटलं, वर्षभराचा तर प्रश्न आहे, माणूस थोडा सर्किट असला म्हणून काय बिघडलं? त्या वर्षाची साडेतीन वर्षं झाली. आता सांगलीत परत आले आहे, पण खिडकी पूर्ण लावून झोपणं काही मला जमत नाही.

गल्लीतले सगळे त्यांना काकाजी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. गोंदियाच्या राइस मिलमध्ये त्यांचा जन्म गेला होता. रोज सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. काम एकच, आलेलं धान वाळलंय की नाही ते सांगायचं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली मूठ बाहेर काढायची, एक दाणा सोलून दाढेखाली धरायचा. कट् असा आवाज आला तर गाडी आत. आवाज बसका आला तर, "अजून दोन ऊन दाखवा." पुढे मिलमध्ये ओल मोजायचं मशीन आलं. पोरं मशीनवरचा आकडा वाचत आणि मग हळूच काकाजींच्या जबड्याकडे पाहत, असं ते स्वतःच सांगायचे. आपली तारीफ करायला ते कधी लाजत नसत.

निवृत्त झाले तरी दाढेची सवय गेली नव्हती. माझ्या आईनं पाठवलेला चिवडा त्यांनी एक पोहा चावून परत केला. "पोस्टात भिजला." एकदा मी तपासायला आणलेल्या पेपरांचा गठ्ठा बोटांत चुरून म्हणाले, "खालच्या फळीवर ठेवले होते ना?" होतेच. ओल हा त्यांचा जन्माचा वैरी. "चोर हाय ते, मॅडम. दार वाजवून येत नाई."

आणि बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. दाढी करता करतासुद्धा मध्येच, एका गालाला साबण तसाच ठेवून, ते मागच्या खोलीत जाऊन यायचे. त्यांच्याशी दोन वाक्यं बोलायची तर मलाही त्यांच्यामागे घरभर फिरावं लागे. सुरुवातीला याची चीड यायची. बाई घरात नसली की माणूस असा भिरभिरा होतो, असं गल्लीतल्या बायका म्हणत. काकू जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती.

पहिल्या उन्हाळ्यात मी कूलर भाड्यानं आणला, खोलीचं दार लावलं, सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या आणि गारव्याची वाट पाहत बसले. अर्ध्या तासात अंगाला चादर चिकटायला लागली. तेवढ्यात दारावर थापा. काकाजी आत येऊन ओरडलेच. "कूलर लावला आन् खिडक्या बंद? भाजी शिजवून राहिले का आतमंदी? हवेले यायले दार देता, जायले काऊन नाई देत?" त्यांनी समोरची खिडकी उघडली आणि पाच मिनिटांत खोली खरंच गार झाली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे कळू नये याचा त्यांना फार आनंद झाला. पुढचा आठवडाभर गल्लीत तोच विषय होता.

पण ते ज्या मागच्या खोलीत सारखे जात, तिथं काय आहे ते मला महिनाभर कळलं नव्हतं. एकदा चहापत्ती मागायला म्हणून आत डोकावले आणि किंचाळले. कपाटाएवढी काचेची पेटी आणि तिच्यात फांदीवर पसरलेलं हिरवं जनावर. पाठीवर कंगव्यासारखे दाते, गळ्याखाली लोंबती कातडी, आणि एक डोळा थेट माझ्यावर.

"ओरडू नका," काकाजी म्हणाले. "पावना हाय."

तो इगुआना होता. काकाजींची एकुलती एक मुलगी नागपूरच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा तिनं तो पेन्सिलीएवढा असताना घेतला, रीतसर सरकारी नोंदणी केली आणि वाढवला. मग तिला मस्कतच्या दवाखान्यात नोकरी लागली. काकाजींनी नको म्हटलं. ती जाणारच म्हणाली. एवढीशी गोष्ट, पण दोघंही एकाच लाकडाची. निघायच्या दिवशी बाप म्हणाला, "जाचं तं जा. पन मंग मले फोन नको करू." पोरीनं उलट उत्तर दिलं नाही. काचेची पेटी आणून बापाच्या घरात ठेवली, पाला काय घालायचा ते लिहून दिलं आणि गेली.

आणि दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. बापासाठी नव्हे, पावन्यासाठी. व्हिडिओ कॉल लागला की ती म्हणायची, "दाखवा." काकाजी फोन पेटीकडे वळवायचे. मग काय खाल्लं, मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला खाल्ला का, जास्वंदीची फुलं खाल्ली का, कात टाकली का. दहा मिनिटं झाली की "ठेवते." तू कशी आहेस हे बाप विचारत नसे. तुम्ही कसे आहात हे लेक विचारत नसे. फोनमध्ये काकाजींचा चेहरा कधी दिसायचा नाही, फक्त आवाज. पण शनिवारी सकाळपासून ते पेटीची काच ओल्या फडक्यानं पुसत, मग कोरड्यानं, मग परत ओल्यानं.

"तुम्ही तिला घरी कधी येणार ते तरी विचारा," मी एकदा म्हटलं.

"फोन नको करू असं मीच म्हटलं ना. आता कोन्या तोंडानं विचारू?" मग पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा हाय तवर फोन हाय."

म्हणून त्यांचा जीव असा टांगणीला. मला ते कळलं आणि त्यांची चीड येणं बंद झालं. पूर्ण नाही, पण बरंचसं.

हे जनावर त्यांनी जवळजवळ मारलंच होतं, हे मला मागाहून कळलं. मी यायच्या आधीचा पावसाळा. धानाच्या माणसाला ओल दिसली की काय सुचणार? त्यांनी पेटीच्या चारी कोपऱ्यांत चुन्याच्या खड्यांच्या पुरचुंड्या ठेवल्या, मोठा बल्ब लावला आणि जाळीवर टेबलफॅन सोडला. मिलमध्ये वाळवतात तसा पावना वाळवला. त्याची कात निघेना. निघाली ती तुकड्या-तुकड्यांनी, आणि बोटांवर, शेपटीच्या टोकावर चिकटून राहिली. दोऱ्यानं आवळावं तशी शेपूट आवळली गेली, टोक काळं पडलं आणि एके दिवशी गळून पडलं. काकाजींनी महिनाभर फोन फक्त पावन्याच्या तोंडाकडे धरला.

शेवटी लेक म्हणाली, "बाबा, शेपूट दाखवा."

"झोपला हाय."

"शेपूट झोपत नाई. दाखवा."

दाखवली. मग तिनं सांगितलं की हे पावसाच्या जंगलातलं जनावर आहे, याला ओल लागते. भरपूर लागते. काकाजी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत होते म्हणे. शेजाऱ्यानं विचारलं काय झालं, तर एकच वाक्य. "ओल मांगते, भाऊ! साला ओल मांगते!" उभा जन्म जिच्याशी वैर केलं तिला आता घरात पाट मांडून बसवायचं होतं.

गावात या पाहुण्याबद्दल नाही नाही त्या गोष्टी पसरल्या होत्या. काकाजींनी घोरपड पाळली आहे, ही त्यातली मुख्य. एक म्हातारा गुडघ्याला चोळायला घोरपडीचं तेल मागायला आला. काकाजींनी त्याला मुनग्याच्या शेंगा देऊन वाटेला लावलं. मग कोणीतरी खबर दिली म्हणून जंगल खात्याचा एक गार्ड आला. माणूस सज्जन होता. कागद वाचला, जनावर पाहिलं, पुन्हा कागद वाचला. "बरोबर हाय काकाजी, परदेशी हाय." निघताना मात्र त्यानं विचारलंच, "चावते का?" काकाजी म्हणाले, "आमच्या घरचे सगळेच चावते. ह्यो त्यातला गरीब."

दुसरी चूक माझी. ती लिहिताना अजूनही कान गरम होतात.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्येच ऊन तापलं. काकाजी दिवसातून पाच वेळा पेटीत पाण्याचा फवारा मारत, पण तासाभरात सगळं सुकून खडखडीत. लेकीनं पाठवलेल्या, ओल मोजायच्या काटेवाल्या मीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. फडक्याचा कोपरा दाताखाली धरून ते "गेली, ओल गेली" म्हणत घरभर फिरत. मला ते पाहवेना. मी वहीचा कागद घेऊन जलचक्राची आकृती काढली आणि सांगितलं, "पेटीला वरून प्लॅस्टिक लावा. वाफ आतच राहील. साधं विज्ञान आहे."

त्यांनी प्लॅस्टिक लावलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, वास कोंडून राहिला."

"पुस्तकात असंच आहे," मी म्हटलं. पुस्तकात असं काही नव्हतं. शिक्षकी पेशातली सवय, दुसरं काय?

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. ओरडले नाहीत, म्हणून मी जास्त घाबरले. पेटीतल्या फांदीवर पांढरी बुरशी चढली होती. पावना खाली पडून होता. तोंड उघडं, मान वर ताणलेली, नाकपुड्यांशी बुडबुडे. प्रत्येक श्वासाला त्याच्या कुशी आत ओढल्या जात होत्या. काकाजींनी प्लॅस्टिक ओरबाडून काढलं आणि मला म्हणाले, "नागपूरले डॉक्टर हाय, पाखरं-कासवं पाहते. गाडी हाय आता. येता का?"

शाळेत रजा टाकून गेले. भोकं पाडलेला खोका, आत टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. डब्यात जागा होती, पण काकाजी नागपूरपर्यंत उभे राहिले, एक बोट खोक्याच्या भोकात घालून. समोरच्या बाईनं विचारलं, "कोंबडा हाय का जी?" "पावना हाय," ते म्हणाले आणि भोकातलं बोट आणखी आत सारलं. मी खिडकीबाहेर पाहत बसले. हे जनावर मेलं तर एका बापाचा रविवार माझ्यामुळे जाणार होता.

डॉक्टर तरुण होता. छातीत संसर्ग झालाय म्हणाला. इंजेक्शन दिलं, पुढची कशी द्यायची ते काकाजींच्या हातून करवून घेतलं. मग पेटीबद्दल विचारलं. मी प्लॅस्टिकचं सांगितलं. तो म्हणाला, "ओल हवीच, पण कोंडलेली नको. ओली हवा आत यायला पाहिजे आणि शिळी हवा बाहेर जायला पाहिजे."

काकाजींनी कपाळावर हात मारला. "अजी, हे तं कूलर हाय!"

डॉक्टरला काही कळलं नाही. मला कळलं. ते मला एक अक्षर बोलले नाहीत. परत येताना गाडीत उलट माझ्यासाठी भजी घेतली. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेकीला त्यांनी एवढंच सांगितलं, "बिमार हाय. माझ्याकडून चूक झाली." माझं नाव घेतलं नाही. मग तिचा फोन रोज यायला लागला. कधी सकाळी ड्यूटीवर जाताना, कधी जेवणाच्या सुट्टीत. "श्वास मोजला का बाबा?" "मोजला." "तोंड मिटते का?" "थोडं थोडं." तीन आठवड्यांनी पावन्यानं जास्वंदीचं फूल स्वतःहून खाल्लं, आणि फोन परत रविवारवर गेला. त्या सोमवारी काकाजी फोन हातात घेऊन फिरत होते. ते खूश होते की नाराज, मला काही ठरवता आलं नाही.

पेटी त्यांनी मुळापासून बदलली. आता पुस्तक नाही, मिल. गोदामात पोती कधी भिंतीला टेकवत नाहीत, खाली फळ्या घालून उंच ठेवतात, तशी त्यांनी पेटी विटांवर चढवली आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढली. वरची जाळी झाकली, दोन्ही बाजूंच्या काचा काढून फळ्या बसवल्या, डाव्या फळीला अगदी खाली एक झरोका पाडला, उजव्या फळीला अगदी वर दुसरा. दोन्हींना मिलमधून आणलेली चाळणीची जाळी ठोकली. खालच्या झरोक्यापाशी, आतल्या अंगानं, ओलं बारदान टांगलं आणि त्याचं टोक पाण्याच्या पसरट भांड्यात सोडलं. गार हवा खालून शिरायची, बारदानातली ओल घ्यायची, बल्बखाली तापून वरच्या झरोक्यातून निघून जायची. लेकीचा मीटरही बाहेर काढून पेटीत लावला. सकाळी ते आधी फडकं चावत, मग मीटर पाहत. दोन्ही जुळलं की मीटरला म्हणत, "शाबास."

हवा खरंच फिरते का हे पाहायला त्यांनी अगरबत्ती लावली. धूर पावन्याला बाधेल म्हणून त्याला खांद्यावर घेतलं. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून पाहिलं. काकाजी खांद्यावर हिरवं जनावर घेऊन पेटीपुढे अगरबत्ती ओवाळताहेत. दुसऱ्या दिवशी त्या हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. काकाजींनी काही खुलासा केला नाही. नारळ फोडला, अर्धा त्यांना दिला आणि खोबऱ्याचा तुकडा चावून म्हणाले, "चांगला सुका हाय."

एवढं सगळं बसलं तरी त्यांची भिरभिर थांबली नाही, वाढली. रात्रीतून काय होईल, लाइट गेली तर, वारा पडला तर. नवेगावबांध गावी त्यांच्या मेहुणीच्या मुलाचं लग्न होतं. अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, तेवढ्यात आभाळ भरून आलं. काकाजी ताटावरून उठले. "पावन्याची हवा पाहून येतो," म्हणून निघाले ते थेट आमगावला. मेहुणी इतकी चिडली की तिनं मस्कतला फोन केला.

त्यानंतरचा रविवार. मी त्यांच्याकडे वह्या तपासत बसले होते, कारण माझ्या खोलीतली लाइट गेली होती. फोन आला. "दाखवा" झालं, पाला झाला, कात झाली. मग लेक म्हणाली, "बाबा, नागपूरले एक जन हाय, माझ्या मैत्रिणीच्या ओळखीतला. त्याच्याकडं असेच दोन हायेत, मोठी खोली केली हाय त्यांच्यासाठी. रीतसर कागद करून पावना त्याले देऊन टाका."

फोन पेटीकडेच होता.

"मावशीनं सांगतलं मले. ताटावरून उठले म्हणे तुमी. वजन उतरलं, झोप नाई. एका जनावरापायी असं करता का? माझंच चुकलं, मीच तुमच्या गळ्यात बांधला. देऊन टाका बाबा, मोकळे व्हा."

काकाजींनी फोन धरलेला हात थोडा खाली आणला. आता तिला नुसत्या विटा दिसत असणार.

"मंग फोन कायले करशील?" ते म्हणाले.

मी वहीवरून मान वर केली.

"काय म्हटलं?" लेकीनं विचारलं.

"पावना गेल्यावर फोन कायले करशील? मी तं तुले नको करू म्हटलं होतं."

लेकीचा आवाज एकदम चढला. "अडीच वर्ष झाले बाबा! अडीच वर्ष! पावन्यानं काय खाल्लं ते सांगता मले. फूल खाल्लं, पाला खाल्ला, कोहळं खाल्लं. मले एकदा तरी विचारलं का, जेवली का म्हनून?" आणि ती रडायला लागली. मी वहीत डोकं खुपसलं. एका मुलाच्या बरोबर उत्तरावर मी फुली मारली, ती नंतर खोडावी लागली.

काकाजी उभे होते. त्यांचा जबडा हलत होता, दाढेखाली दाणा असावा तसा.

"जेवली का?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"किती वाजले तिकडं?"

"एक वाजून गेला."

"मंग जेव आधी," ते म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

मी अक्षरशः उठून उभी राहिले. "काकाजी! अहो ती रडत होती! असा कोणी फोन ठेवतं का?"

"उपाशी पोट्टीशी काय बोलाचं?" ते म्हणाले. पण ते खिडकीशी गेले, खिडकी लावली, उघडली. पेटीशी गेले आणि पेटीत न पाहताच परत आले. मला म्हणाले, "आता नाई करत ते. माहीत हाय मले. माझीच पोट्टी हाय." मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांना धरून कुठेतरी बसवावंसं वाटत होतं. दोन्हींपैकी काहीच जमलं नाही.

दहा मिनिटांनी फोन वाजला.

त्यांनी तो उचलला. एरवी तो लगेच पेटीकडे फिरवायचे, त्या दिवशी तसाच तोंडासमोर धरून राहिले. पडद्यावर लेक होती. डोळे सुजलेले, समोर ताट, ताटात भात आणि वरण. तिनं बापाकडे पाहिलं आणि घास हातातच राहिला. "किती वाळले बाबा तुमी," ती म्हणाली.

काकाजींनी चष्मा पुसला आणि फोन जवळ घेऊन ताट पाहिलं.

"भात गिचका झाला तुझा," ते म्हणाले.

"हो. रोजच होते."

"पानी जास्त टाकते तू. तांदूळ कोनता हाय?"

तिनं काहीतरी नाव सांगितलं. ते त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मग शिजण्याआधी दाणा कसा दिसतो, लांब आहे का, चावला तर आवाज येतो का, असं त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि ती एकेक घास खात सांगायला लागली. मध्येच नाक पुसायची. मध्येच हसायची.

मी वह्या उचलल्या आणि माझ्या खोलीत आले. मस्कतच्या तांदळाला पाणी किती टाकायचं, हे भिंतीपलीकडून बराच वेळ ऐकू येत होतं. पावन्याचं नाव त्यात एकदाही आलं नाही.